तीन टिटव्यांचा गुत्ता

माझे सासरे अण्णासाहेब यांना रिकामं बसता येत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. पण म्हणजे नक्की काय, ते कळायला त्यांना उम्म अल कुवैनला आमच्याकडे यावं लागलं. पंच्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, कोल्हापूरचं सुतारकामाचं दुकान अण्णांनी पुतण्याच्या हाती दिलं होतं, आणि माझ्या नवऱ्याने, शैलेंद्रने, त्यांना दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं. "या, जरा आराम करा," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. अण्णांनी आराम करायला येताना बॅगेत दोन धोतरं, चार सदरे, नातीसाठी खाजा आणि स्वतःचा रंधा आणला.

विमानतळावरच्या माणसाने तो रंधा बाहेर काढून उलटासुलटा करून पाहिला. अण्णांनी त्याला हवेतल्या हवेत लाकूड तासून दाखवलं. तो हसला आणि "यल्ला, यल्ला" म्हणून त्याने त्यांना सोडलं.

पहिल्या आठवड्यात अण्णांनी घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय सारखे केले. दुसऱ्या आठवड्यात बेडरूमचं दार घासतंय म्हणून बिजागऱ्यांतून उतरवलं. मी भाजी घेऊन परत आले तर दार हॉलमध्ये आडवं, भुसा टीव्हीवर, आणि शेजारची सुरैय्या आपल्या कपाटाचा अडकलेला खण हातात धरून रांगेत उभी. आमची आभा तेव्हा आठ वर्षांची. ती मला म्हणाली, "ममा, आजोबा इज नॉट ऑन हॉलिडे." लेकीला जे कळलं ते बापाला कळत नव्हतं.

अण्णांना खरं तर शैलेंद्रच्या वर्कशॉपमध्ये जायचं होतं. इंडस्ट्रियल एरियात आमची जॉइनरी होती. दारं, कपाटं, हॉटेलांची कामं. फोन, फॅक्स, कोटेशन मी बघायचे, बाकी सगळं शैलेंद्र आणि आमचे मिस्त्री खैरुद्दीन. रोज सकाळी आम्ही निघायच्या वेळी अण्णा टोपी घालून दाराशी तयार उभे असायचे.

"अण्णा, तुम्ही व्हिजिटवर आहात," शैलेंद्र घड्याळाकडे बघत म्हणायचा. "हातात हत्यार दिसलं आणि इन्स्पेक्शन आलं तर काय सांगू? लायसन्स जाईल माझं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पण खरं बोलतानाही माणसाने समोरच्याच्या तोंडाकडे बघावं की नाही? अण्णा मुकाट्याने सोफ्यावर बसायचे. टोपी काढायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी घरी यायचे तेव्हाही ती डोक्यावरच असायची. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण त्यांच्या घालमेलीने माझंही स्वास्थ्य गेलं होतं. दुपारी जरा पाठ टेकावी तर शेजारच्या खोलीत कुणीतरी खिडकीची खिटी काढतंय, घालतंय, काढतंय.

आणि त्याच सुमाराला आमच्या वर्कशॉपमध्ये एक गुत्ता आला.

रास अल खैमाच्या एका हॉटेलला अस्सल इंग्रजी पब हवा होता. अस्सल म्हणजे नवा बनवलेला नव्हे. इंग्लंडात लिटल हार्कम नावाच्या खेड्यात दोनशे वर्षांहून जुना एक पब होता. मोठा रस्ता गावाबाहेरून गेल्यावर त्याची गिऱ्हाइकं आटली आणि तो बंद पडला. हॉटेलने त्याचं आतलं सगळं लाकूड, म्हणजे काउंटर, बाकं, दारं, कंटेनरमधून उचलून आणलं. दुरुस्त करून बसवायचं काम शैलेंद्रला मिळालं. इतकं मोठं काम आम्हाला तोवर मिळालं नव्हतं. पबचं नाव होतं 'द थ्री प्लोव्हर्स'. अण्णांनी अर्थ विचारला, मी सांगितलं, तीन टिटव्या.

"टिटव्या? धंद्याच्या जागेला?" अण्णा म्हणाले. "दुसरा पक्षी मिळाला नाही होय त्यांना?"

इंग्लंडमध्ये असा पब चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणतात. आपण मालक म्हणू. हॉटेलने लाकडाबरोबर शेवटचा मालकही मागवला होता. मिस्टर विटकॉम. इथे येऊन त्याने आपल्याच काउंटरमागे उभं राहायचं, आणि गोऱ्या इंजिनिअरांना आपण आपल्या गावातच बसलो आहोत असं वाटायला लावायचं. तो दहा दिवसांत येणार होता आणि आधी आमच्या वर्कशॉपला येऊन काउंटर बघणार होता.

त्या पबची एक रीत होती. नवा मालक आला की पहिल्या दिवशी तो आपल्या खिशातल्या चाकूने काउंटरच्या आतल्या फळीवर नावाची दोन अक्षरं कोरायचा. आतल्या म्हणजे मालक उभा राहतो त्या बाजूच्या. गिऱ्हाइकाला ती दिसत नसत. अशी अकरा मालकांची अक्षरं त्या ओकच्या फळीवर होती. हॉटेलच्या मॅनेजरने शैलेंद्रला बजावलं होतं, बाहेरून हवं तेवढं पॉलिश करा, आतल्या फळीला हात लावायचा नाही. फळीवर तशी लाल चिठ्ठीही चिकटवली होती. इंग्रजीत.

काउंटर उतरवला त्या दिवशी अण्णांना आम्ही तासभर बघायला नेलं होतं. त्यांनी लाकडावर तळवा फिरवला आणि म्हणाले, "सागवानाच्या तोंडात मारील असं लाकूड आहे, शैलू." मग त्यांनी आतली बाजू पाहिली आणि तोंड वाकडं केलं. का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी दुबईला महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता. अण्णा म्हणाले, डोकं दुखतंय, तुम्ही जा. आम्ही गेलो. ते खुंटीवरची वर्कशॉपची किल्ली घेऊन, पिशवीत रंधा टाकून, चालत इंडस्ट्रियल एरियात पोचले. खैरुद्दीन आणि बाकीची माणसं जुम्म्याच्या नमाजाला गेली होती आणि तिथूनच कामगारांच्या कॅम्पवर झोपायला. अण्णा आणि तो काउंटर, दोघंच.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा अण्णा न्हाऊन, स्वतः केलेले पोहे खात बसले होते. चेहरा असा की सासूबाई गेल्यापासून मी तो पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं.

"शैलू, उद्या दुकानात गेलास की बघ," ते म्हणाले. "तुझं एक काम हलकं केलंय."

सकाळी आम्ही वर्कशॉप उघडलं. काउंटरमागे लाकडाच्या सालपटांचा गुडघाभर ढीग होता. लाल चिठ्ठी काढून, नीट घडी घालून, बाजूला खिळ्याला अडकवली होती. आणि फळी आभाच्या गालासारखी गुळगुळीत झाली होती. एक अक्षर शिल्लक नव्हतं. शैलेंद्र त्या सालपटांतच खाली बसला.

खैरुद्दीन आला, त्याने फळीवर हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "काम तो उस्ताद का है, सेठ." ते ऐकून शैलेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच गाडीत बसला. त्याला एकट्याला घरी जाऊ द्यायची माझी छाती झाली नाही, मी धावत जाऊन शेजारी बसले.

"अण्णा, काय केलंत तुम्ही?" दारातूनच तो ओरडला.

अण्णा गोंधळले. "आवडलं नाही? थोडं खडबडीत राहिलं असेल कोपऱ्यात, उजेड कमी होता."

"ती अक्षरं का काढलीत?"

"काढायची नाहीत तर काय? कुणी दारुड्यांनी चाकूनं नावं कोरून ठेवलेली. आतल्या अंगाला, कुणाला दिसू नये म्हणून. एवढं चांगलं लाकूड नासवलेलं. ते तसंच हॉटेलात लावलं असतंस तर तुझं नाव खराब झालं असतं की."

तेव्हा मला त्यांचं ते तोंड वाकडं करणं आठवलं. अण्णांनी आयुष्यभर शाळांची बाकं केली होती. दर मे महिन्यात कोल्हापुरातल्या दोन-तीन शाळांची बाकं दुरुस्तीला त्यांच्या दुकानात यायची. पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावं, बदाम, मास्तरांची टोपणनावं. अण्णा ती सगळी तासून जूनला बाकं कोरी करून द्यायचे. लाकडावर नाव दिसलं की ते काढायचं, एवढंच त्यांच्या हाताला माहीत होतं.

"ती मालकांची नावं होती, अण्णा! दोनशे वर्षांची! त्यासाठी तर त्यांनी ते लाकूड विकत घेतलं!"

"मालक?" अण्णांना ते पटेना. "मालक स्वतःच्या दुकानाचं लाकूड कापतो?"

आणि शैलेंद्र म्हणाला, "तुम्हाला इथं बोलावलं, तिथंच माझं चुकलं."

अण्णा उठले आणि त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. शैलेंद्रने तिथल्या तिथे ट्रॅव्हल एजंटला फोन लावून अण्णांचं परतीचं तिकीट अलीकडे आणलं. पुढच्या गुरुवारचं. व्हिसाचा एक महिना अजून बाकी होता.

अण्णांसमोर मी नवऱ्याला अहोजाहो करायचे. एकांतात तू. त्या दिवशी स्वयंपाकघरात नेऊन मी त्याला जे तू-तू केलं ते मी इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "छाया, हे काम गेलं तर दुसरं कुणी देणार नाही. मार्केट छोटं आहे. खलास होऊ आपण." तेही खरं होतं. या माणसाचं सगळं खरंच असायचं, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नसे.

कंटेनरबरोबर फळीचे फोटो आले होते. शैलेंद्रने ते खैरुद्दीनपुढे ठेवले आणि सांगितलं, हुबेहूब कोर.

"कोर दूँगा, सेठ," खैरुद्दीन म्हणाला. "लेकिन ग्यारह आदमी का हाथ कहाँ से लाऊँ? हाथ तो मेरा ही दिखेगा."

"कौन देखता है इतना? तू कोर."

खैरुद्दीन पेशावरकडचा, नक्षीकामात वाढलेला. त्याने अक्षरं कोरली ती इतकी सुबक, की अकराही मालक एकाच शाळेत, एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकल्यासारखे दिसायला लागले. शैलेंद्रने त्यावर चहाचं पाणी चोळलं, धूळ चोळली, बुटाचं पॉलिश चोळलं. रोज संध्याकाळी घरी येऊन तो हात धूत राही आणि काळे डाग जात नसत.

इकडे घरात अण्णा स्वस्थ बसायला लागले. खरोखर स्वस्थ. सुरैय्या तिचा पाट घेऊन आली तर म्हणाले, "मिस्त्री सुट्टीवर है." रंधा कापडात गुंडाळून त्यांनी बॅगेत तळाशी ठेवला होता. आधी त्यांच्या खटपटीने माझा जीव जायचा, आता त्या शांततेने जायला लागला. मी मुद्दाम दाराची कडी सैल करून ठेवली. त्यांनी पाहिली आणि तशीच सोडली.

सोमवारी मी डाळ निवडत होते. अण्णा समोर येऊन बसले.

"छाया, कोण होते गं ते?"

"कोण?"

"ज्यांना मी पुसलं."

हॉटेलने पबचा इतिहास छापून पाठवला होता, जाहिरातीसाठी. मी तो आणला आणि डाळीवर हात ठेवून त्यांना मराठीत सांगत गेले. पहिला मालक जोडे शिवणारा होता. जोडे होईपर्यंत थांबलेल्या गिऱ्हाइकांना त्याची बायको घरची बिअर द्यायची. वर्षभरात लोक जोडे न मागता थांबायला लागले.

"हुशार बाई," अण्णा म्हणाले.

तो गेल्यावर तिनेच पुढे तीस वर्षं पब चालवला. चर्चच्या पाद्र्याला ती उभ्यानेच प्यायला लावायची, कारण बसला की तो प्रवचन सुरू करायचा. एक मालक ठार बहिरा होता. कुणी काहीही मागितलं तरी तो एकच पेय द्यायचा, आणि गाव ते निमूट पीत असे. एक जण मेव्हण्याला आठवडाभर काउंटर सांभाळायला सांगून मुलगी द्यायला परगावी गेला. परत आला तर मेव्हण्याने स्वतःची अक्षरं कोरली होती. तो मेव्हणा मग मरेपर्यंत मालक राहिला, आणि खरा मालक समोर गिऱ्हाईक म्हणून बसायचा. अण्णा यावर हसले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

शेवटचे तिघे विटकॉम. आजा, बाप आणि आता येणारा हा मुलगा. मुलाने हाती घेतल्यावरही बाप रोज सकाळी येऊन काउंटरमागे पेले पुसत उभा राहायचा, असं त्या कागदात मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं.

अण्णांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "शाळेतल्या पोरांची नावं मी काढायचो, तेव्हा पोरं बाहेर अंगणात खेळत असायची गं. हवं तर पुन्हा कोरतील. ही माणसं कुठून येणार आता?"

माझे डोळे भरले आणि मी डाळ निवडत राहिले.

"मला त्या माणसाला सांगायचंय," अण्णा म्हणाले.

शैलेंद्रने हे ऐकलं आणि हात जोडले. "अण्णा, पाया पडतो. बुधवारी तुम्ही घराबाहेर पडू नका. अक्षरं जागेवर आहेत. त्याने हो म्हटलं की संपलं." मग माझ्याकडे वळून, "छाया, प्लीज."

मी हो म्हटलं. आणि बुधवारी शैलेंद्र पुढे गेल्यावर टॅक्सी बोलावली. मी असं का केलं? नवऱ्याचं काम जावं अशी माझी इच्छा नव्हती, माझंही पोट त्याच्यावरच होतं. पण दुसऱ्या दिवशी अण्णा विमानात बसणार होते, आणि ते ओझं घेऊन त्यांना पाठवायला माझं मन घेईना. टॅक्सीत अण्णांच्या डोक्यावर टोपी होती.

आम्ही पोचलो तेव्हा मिस्टर विटकॉम आलेला होता. साठीच्या जवळचा, आडव्या अंगाचा, लालबुंद माणूस. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्यालाही एका जागी उभं राहता येत नव्हतं. बोलता बोलता तो रुमालाने काउंटर पुसत होता, पुसलेलं पुन्हा पुसत होता. शैलेंद्रने आम्हाला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाहेरून छान झालंय," विटकॉम म्हणाला आणि काउंटरला वळसा घालून आत गेला. तिथे त्याचे पाय आपोआप एका जागी थांबले. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. उजव्या हाताचा अंगठा फळीच्या खालच्या कडेला गेला, एका अक्षरावर टेकला, आणि तसाच राहिला.

"धिस इज नॉट माय डॅड," तो म्हणाला.

शैलेंद्र घाईने बोलायला लागला, "सर, अ‍ॅक्च्युअली थोडं रिस्टोरेशन करावं लागलं, ट्रान्सपोर्टमध्ये..."

"याला धार आहे," विटकॉम म्हणाला. "माझ्या बापाचं अक्षर झिजलं होतं. पब बंद करताना रोज मी त्यावर अंगठा घासायचो." मग त्याने वाकून बाकीची अक्षरं पाहिली, आणि खैरुद्दीनने मान खाली घातली.

अण्णा पुढे झाले. टोपी काढून त्यांनी हातात धरली.

"मी केलं हे. त्याला सांग, छाया. माझ्या पोराचा काही दोष नाही. मला वाटलं, कुणी लाकूड खराब केलंय. मी साफ केलं."

मी सांगितलं. शाळेची बाकं, मे महिना, कर्कटक, सगळं सांगितलं. माझं इंग्रजी कोटेशनपुरतं. त्यात हे बसवताना मला घाम फुटला. विटकॉम ऐकत होता आणि त्याचा अंगठा त्या अक्षरावर फिरत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होते.

"मुलाने सांगितलं होतं का याला, की इकडे येऊ नको?" त्याने विचारलं.

मी शैलेंद्रकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "हो," मी म्हटलं.

विटकॉमने मान हलवली. "मीही सांगितलं होतं. लोक आता माझ्याकडे येतात डॅड, तुम्ही मधे मधे येता. त्यानंतर तो आला नाही. समोरच राहायचा, रस्त्याच्या पलीकडे. पण आला नाही."

ते छापील कागदात नव्हतं.

मग त्याने रुमाल खिशात घातला आणि शैलेंद्रला म्हणाला, "ही खोटी नावं काढून टाका. माझ्या बापाचं तर आधी. या माणसाने केली होती तशी कोरी फळी मला द्या. हॉटेलला काय सांगायचं ते मी सांगतो. कोऱ्या काउंटरमागे कुणीतरी पहिला उभा राहिला होताच ना? मी राहीन."

शैलेंद्रने खैरुद्दीनकडे पाहिलं. खैरुद्दीन दोन पावलं मागे सरकला. तेव्हा शैलेंद्र वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. या वेळी त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"अण्णा, रंधा घ्या."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "मी व्हिजिटवर आहे," ते म्हणाले. "इन्स्पेक्शन आलं तर काय सांगशील?"

शैलेंद्र वळला. तो गेला, त्याने वर्कशॉपचं शटर निम्म्यावर ओढलं आणि रस्त्याकडे तोंड करून स्वतः दारात उभा राहिला. बापावर कुणी येतंय का बघत. उन्हात. त्याला तसं उभं पाहून माझा राग निम्मा गेला.

अण्णांचा रंधा घरी बॅगेत होता. खैरुद्दीनने आपला दिला. अण्णांनी त्याचं पातं अंगठ्याने तपासलं, हातोडीने दोन टिचक्या मारून बसवलं, आणि काउंटरमागे गेले. त्यांनी विटकॉमकडे पाहिलं. विटकॉमने स्वतःचा हात फळीवरून उचलला. मग तो आवाज सुरू झाला, कोल्हापूरच्या घरात मी लग्न होऊन गेले तेव्हा पहाटे जाग यायची त्या आवाजाने, सर्र, सर्र, आणि थांबून फुंकर. विटकॉम एका बाकावर बसून बघत होता, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याचे हात मांडीवर स्वस्थ होते.

चहा आला. शैलेंद्रने तो स्वतः अण्णांना नेऊन दिला आणि तिथेच घुटमळला.

"अण्णा, उद्याचं तिकीट पुढं ढकलतो. महिना आहे अजून. रोज या इथं. शटर ओढून बसू."

अण्णांनी चहाचा घोट घेतला. रागावून नाही, अगदी सहज म्हणाले, "कशाला? संध्याकाळपर्यंत होतंय की हे."

गुरुवारी ते गेले. विमानतळावर आभा रडली, मी रडले, शैलेंद्र ट्रॉली ढकलत राहिला. मला वेडी आशा होती की रंधा ते घरी विसरतील, किंवा मुद्दाम ठेवून जातील. घरी येऊन मी पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं. त्यांनी तो नेला होता.

त्यानंतर दर हिवाळ्यात शैलेंद्र व्हिसाचं विचारायचा आणि अण्णा फोनवर म्हणायचे, बाकं आलीत दुरुस्तीला, पुढच्या वर्षी बघू. दोन हजार एक साली मे महिन्यात, दुकानातच, ते गेले. शैलेंद्र पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर तो त्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि मीही, इतकी तोंडाळ, त्याला बोलतं करू शकले नाही.

तीन टिटव्यांचा गुत्ता रास अल खैमात आठ वर्षं चालला. विटकॉमने पहिल्या दिवशी आपली अक्षरं कोरली. तो पाच वर्षांनी मायदेशी गेला. मग एक आयरिश बाई आली, तिच्यानंतर एक मंगळूरचा गृहस्थ, त्यांनीही कोरली. दोन हजार तीनमध्ये हॉटेल नव्या मालकाने घेतलं, त्याला तिथे समुद्राचा देखावा असलेलं कॉफी शॉप हवं होतं. काउंटर फेकायला निघाला होता, शैलेंद्र ट्रक पाठवून घेऊन आला. विटकॉमचा इंग्लंडहून फोन आला, तेवढी तीन नावांची फळी कापून पाठवाल का?

खैरुद्दीन तोवर गावी परतला होता. त्याच्या जागी जहूर मिस्त्री होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने करवतीने नावांचा तुकडा कापला, कागदात बांधला आणि बाकीची लांब कोरी फळी खांद्यावर टाकली.

"ये काट के शेल्फ बना देता हूँ, सेठ," तो म्हणाला. "अच्छी लकडी है."

शैलेंद्र माझ्या टेबलाशी बिलं बघत होता. तो उठला, त्याने फळी जहूरच्या खांद्यावरून उतरवून घेतली आणि आपल्या खुर्चीमागे भिंतीला टेकवून ठेवली.

"ये रहने दे."

"लेकिन सेठ, इसपे तो कुछ भी नहीं है."

"मालूम है," शैलेंद्र म्हणाला, आणि त्याचा तळवा फळीवर तसाच राहिला.